येऊन राहिलो

ज्या माणसाला वर्गात हजेरी घेतानाही आवाज चढवता येत नाही, तो एके काळी रॉक बँडमध्ये गात असे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलेच, तर ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग हसू आवरतो. लिहायला मी फार उशिरा बसलो. केस पांढरे झाल्यावर माणूस आठवणी लिहितो त्या बहुधा मोठ्या माणसांच्या असतात. माझ्याजवळ तशा नाहीत. एका गाण्याची आठवण आहे. ते गाणे आमच्या भागात अजूनही वाजते, म्हणून ते कसे झाले हे कुठेतरी नीट नोंदवावे, एवढाच हेतू.

नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत गोंदियात आमचा चौघांचा बँड होता. गिटार वाजवणाऱ्याच्या काकांची राइस मिल बंद पडली होती आणि तिच्या गोदामात आम्ही सराव करत असू. जमिनीवर कोंड्याचा थर होता. ड्रम वाजू लागला की तो उडे आणि घशात बसे. त्यामुळे माझा आवाज जरा खरखरीत येई, आणि तोच रॉकचा आवाज आहे अशी बाकीच्यांची समजूत झाली होती. गाणी हिंदी, काही इंग्रजी. इंग्रजी गाण्यांचे शब्द कॅसेटवरून जसे ऐकू येत तसे मी म्हणत असे. ऐकणाऱ्यांनाही ते तसेच ऐकू येत असल्यामुळे कधी तक्रार आली नाही. मला त्या गदारोळाचा आधार वाटे. तीन वाद्यांच्या आवाजात माणूस कितीही ओरडला, तरी आपण काही बोललो असे त्याला वाटत नाही.

ड्रम वाजवणारा माझा मित्र अर्जुनी मोरगावकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावचा. घर गोंडाचे. वडील नव्हते, आई आणि तो आपसांत गोंडी बोलत, बाहेर झाडीबोली, म्हणजे आमच्या भागाची मराठी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे गोळा होतात, आणि भरदुपारी दंडार उभी राहते: नाच, गाणी, सोंगे, मधूनमधून हसवणाऱ्या नकल्याच्या नकला. त्या दंडारीत तो लहानपणापासून ढोलकी वाजवत आला होता. ड्रम त्याने गोंदियात येऊन पाहिला आणि तासाभरात त्याच्याशी ओळख करून घेतली.

तो सरावाला पॅसेंजरने येई आणि नेहमी उशिरा येई. गिटारवाला त्याला फोन लावून आम्हा सर्वांना ऐकू येईल असे बोले.

"कहाँ है बे तू?"

"येऊन राहिलो ना."

"आ रहा है, कि वहीं रह रहा है?"

"अबे, येऊन राहिलो म्हंजे येऊन राहिलो. गाडी उभी आहे, मी थोडीच उभा आहे?"

पुण्याकडच्या माणसाला हे दोन शब्द ऐकून वाटेल की कुणीतरी आला आणि राहिला. आमच्याकडे त्यांचा अर्थ उलटा आहे: अजून पोचलो नाही, पण वाटेत आहे. मी पोवारांच्या घरचा. घरात पोवारी, गावात झाडी. पण वडील शिक्षक असल्यामुळे जेवताना पुस्तकी मराठीच बोलावी लागे. 'येऊन राहिलो' तोंडातून निघाले, तर 'येत आहे' असे म्हटल्याशिवाय दुसरी पोळी मिळत नसे. पुढे नागपूरला मी मराठीत एम. ए. केले, तेव्हा पोळीची गरज उरली नव्हती. जीभ आपोआप वळत होती.

मित्राला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोयरीक जुळवताना रक्त तपासून घ्या, असे आता अडाणी माणूसही म्हणतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथले हाड दुखू लागते. थंडीत जास्त. "हाडं फुटून राहिले," असे म्हणून तो वाजवत राही, आणि मध्येच लोटाभर पाणी पिई. आम्ही त्याच्या दुखण्याला उशिरा येण्यासारखीच त्याची एक सवय मानत होतो.

मग याच आजारात, रक्त न पोचून, त्याच्या खुब्याचे हाड गेले. ड्रममधला सर्वांत मोठा ढोल पायाने वाजवतात. पॅडल उजव्या पायाने दाबायचे असते. एका सरावात गाणे सुरू झाले, हात चालू लागले आणि खालचा ढोल वाजलाच नाही. आम्ही थांबून मागे पाहिले. तो पायाकडे पाहत होता, एखाद्या हट्टी बैलाकडे पाहावे तसा. दुसऱ्यांदा सुरू केले, तेव्हाही वाजला नाही. त्या दिवशी बँड संपला, असे कुणी म्हटले नाही. गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली, बेसवाला वडिलांच्या दुकानात बसला, आणि ड्रमवर कोंड्याचा थर जमत गेला.

मला अर्जुनी मोरगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी मिळाली. तिथून त्याचे गाव जवळ. सुट्टीच्या दिवशी मी सायकलने पाटाच्या कडेने जाई. तो अंगणात खाटेवर पाय लांब करून बसलेला असे, आणि मांडीवर साबणाचा पुठ्ठ्याचा खोका असे. त्यावर तो बोटांनी वाजवी. आई बहुतेक वेळा धानाच्या बांध्यांत नाहीतर जंगलात गेलेली असे. आली की मला पाहून म्हणे, "आला का गा मास्तर," आणि चूल पेटवायला आत जाई.

"आता तू एकटाच गा," एके दिवशी तो म्हणाला.

"एकटा? मी?"

"मंग काय तुह्यासाठी नागपूरवरून पोरं आनू? हळू गानं गा. ज्यात पायाचं काम नाही."

मी हसण्यावारी नेले. तो मात्र हसत नव्हता.

"आतापर्यंत लोकं आपल्या गान्यावर नाचले," तो म्हणाला. "शारदेत नाचले, गनपतीत नाचले, लग्नात तर पिऊन नाचले. चूप बसलेलं मी एकडाव पाह्यलं नाही. मले ते पाहाचं आहे बे. मी वाजवीन, तू गाशील, अन् लोकं चूप बसतीन."

"कशासाठी?"

"कायले म्हंजे? मी मेल्यावर पाहू का?"

त्याने खोक्यावर जो ठेका धरला तो फार संथ होता. दोन मात्रा चालल्यासारख्या आणि तिसरी थांबून श्वास घेतल्यासारखी. पुढे माझ्या ध्यानात आले की तो घरातून अंगणात येताना असाच चालत असे. त्या ठेक्यावर चाल आपोआप बसली. शब्द मी लिहायचे ठरले. आयुष्यात त्यापूर्वी मी कविता लिहिली नव्हती. कवितांची रसग्रहणे मात्र पुष्कळ लिहिली होती. एक माणूस वाटेत आहे, त्याची गाडी चुकली आहे, तरी तो चालत येतो आहे, आणि कुणीतरी त्याची वाट पाहत आहे, एवढाच विषय. ध्रुपदाच्या शेवटी मी लिहिले होते, 'मी येत आहे'.

त्याने ऐकून घेतले.

"हे कोन बोलून राहिला?"

"गाण्यातला माणूस."

"कुठचा आहे?"

"इथलाच."

"इथला असता तर येत आहे म्हनला असता का? मले तर हा तहसीलदार वाटते. जीप घेऊन येते का काय, पायदल कायले येईन?"

मी शब्द बदलले. पूर्ण झालेले ध्रुपद असे होते:

गाडी गेली, जाऊ दे,
पाय आहेत, येऊन राहिलो;
बांध्यांमधून, पाटावरून,
थांब जराशी, येऊन राहिलो.

"पाय आहेत?" तो म्हणाला. "कोनाचे आहेत बे? तुहे लिहिले का?" मग स्वतःच म्हणाला, "राहू दे. गान्यात तरी राहू दे."

नागपूरला एका लहानशा स्टुडिओत आम्ही ते ध्वनिमुद्रित केले. मी कधी एकट्याने माइकसमोर उभा राहिलो नव्हतो. कानांवरच्या हेडफोनमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि तो मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. मित्र खुर्चीवर पाय लांब करून खोका वाजवत होता. ध्वनिमुद्रण करणारा हिंदीभाषक होता. त्याने आधी खोक्याकडे तुच्छतेने पाहिले, मग उठून एक जास्तीचा माइक आणून खोक्याजवळ लावला. शेवटी तो म्हणाला, "अच्छा है, सर. दुख है इसमें, लेकिन आगे जाता है." परतीच्या गाडीत मित्र हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्या दिवशी त्याला दुखत नव्हते.

सीडी त्याच्या गावच्या मंडईत प्रकाशित करायची, हा आग्रह त्याचाच. दंडारीच्या आधी, दुपारी. सरपंचांनी नारळ फोडला, माझ्या नावापुढे 'सुप्रसिद्ध' हा शब्द लावला, आणि मी नागपुरात शिवलेला कोट घालून स्टेजवर चढलो. मित्राला पायऱ्या चढता येत नव्हत्या. तो खाली, स्टेजला लागून, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. दुसऱ्या खुर्चीवर त्याचा पाय होता, मांडीवर खोका होता आणि खोक्याला दोरीने माइक बांधला होता. त्याने मुद्दाम खुर्ची वळवून घेतली होती, म्हणजे त्याला लोक दिसावेत.

समोर सारे गाव होते आणि आजूबाजूच्या गावांचे पाहुणे. त्याची आई तेवढी नव्हती. घरी पाहुणे होते आणि ती चुलीपुढे होती.

पहिले कडवे मी डोळे खाली ठेवून गायलो. लोक शांत होते. पेढ्यांच्या दुकानावरची गलबल हळूहळू थांबली. मी मित्राकडे पाहिले. तो लोकांकडे पाहत होता आणि त्याचे तोंड किंचित उघडे होते. मग ध्रुपद आले. 'पाय आहेत, येऊन राहिलो,' असे मी म्हटले आणि बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसले. दुसऱ्या वेळी पुरुषांतून हशा आला. तिसऱ्या वेळी माझ्या आधीच पन्नास तोंडांतून ती ओळ आली आणि सारी मंडई हसू लागली.

"अबे, नकल्याले कोट घालून आनला का?" एकजण ओरडला.

"हळू ये गा, पडशीन," दुसऱ्याने म्हटले.

ते चेष्टा करत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. त्यांना खरोखर आनंद झाला होता. मी जितका गंभीर होत गेलो, तितके ते अधिक हसले. स्टेजच्या मागच्या बाजूने उतरायला जागा आहे का, असे मी पाहू लागलो. पण खोका थांबला नाही. दोन मात्रा चालल्यासारख्या, तिसरी थांबल्यासारखी. मित्र लोकांकडेच पाहत होता आणि बोटे चालवत होता. ठेका चालू असताना गाणारा निघून जाऊ शकत नाही. मी शेवटपर्यंत गायलो. 'वन्स मोर' आला. तोही पूर्ण केला.

दंडार सुरू झाल्यावर आम्ही स्टेजच्या मागे बसलो. बराच वेळ तो पाणी पीत होता.

"त्यांना अर्थ समजला नाही," मी म्हणालो.

"समजला म्हनून तं हसले."

"म्हणजे?"

"ऐक ना." त्याने स्टेजकडे मान वळवली. पडद्यापलीकडे राजा बोलत होता: हे प्रधानजी, आमच्या राज्यात प्रजा सुखी आहे काय? मग दुसरा आवाज आला, नकल्याचा: सुखी कायची राजा, परजा उपासी मरून राहिली. आणि मंडई खदखदून हसली.

"राजा पुस्तकातलं बोलते," तो म्हणाला. "रानी रडते ते पुस्तकातलं रडते. आपलं बोलते तो एकच, नकल्या. लहानपनापासून मीच ढोलकी मारली ना त्याच्या बोलन्यावर. त्यानं तोंड उघडलं का हसाचं, हे त्याईले शिकोलेलं आहे. आपन मधातच गेलो रडाले."

मी एम. ए. होतो. मला हे सुचले नव्हते, आणि त्याला सुचले ते उशिरा. गावातला प्रत्येक माणूस घरी याच भाषेत भांडतो, याच भाषेत मयतीला रडतो. पण चार लोकांसमोर, माइकवरून ती ऐकली की त्याला हसू येते. आमच्या मंडईखेरीज कुठे असे होत असेल, मला ठाऊक नाही.

गाणे चालले. इतके चालले की मला घराबाहेर पडणे नको झाले. मोबाइलच्या दुकानांतून ते मेमरी कार्डांवर भरून दिले जाऊ लागले. कुणीतरी त्याखाली डीजेचा ठोका घातला. त्या ठोक्यात खोका ऐकू येईनासा झाला. वराती त्यावर नाचू लागल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागे 'येऊन राहिलो' रंगवलेले दिसू लागले. मी वर्गात उशिरा शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी ती ओळ गुणगुणे.

एका नाटक कंपनीचे मालक महाविद्यालयात भेटायला आले. आमच्याकडच्या, झाडीपट्टीच्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू व्हायचा होता.

"सर, फक्त एन्ट्री," ते म्हणाले. "हिरोइन रडून राहिली, व्हिलन येऊन राहिला, सगळे परेशान, अन् तुम्ही कोट घालून येता. एकच ओळ. बस."

"मला अभिनय येत नाही."

"नाही येत तेच तं पाहिजे, सर. तुम्ही हसत नाही. तुमचा चेहरा पाहून लोकं मरतेत."

मी नकार दिला, तोही त्यांना विनोदीच वाटला असावा. ते हसत हसत गेले. मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "गेला असता तं ते गानं नकल्याकडचंच झालं असतं." मग म्हणाला, "तसंही तिकडचंच होऊन राहिलं."

तोवर त्याचा दुसरा खुबाही दुखू लागला होता आणि रक्त चढवायला त्याला वारंवार गोंदियाला न्यावे लागे. लोकांना शांत बसलेले पाहायचे, हे त्याच्या मनातून गेले नव्हते. गोंदियाच्या एका सभागृहात शिकलेल्या मंडळींचा कार्यक्रम होता. मला बोलावणे आले. या वेळी ओळ बदलून पाहू, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. तो गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन आला. मी गायलो, 'पाय आहेत, मी येत आहे.' कुणी हसले नाही. सभागृह शांत होते. टाळ्याही व्यवस्थित पडल्या. तो पहिल्या रांगेच्या कडेला बसून, खोका वाजवत सगळे पाहत होता.

परतताना तो पुन्हा मागच्या सीटवर आडवा झाला. वाटेतले गोरेगाव मागे पडले.

"चूप बसले होते," मी म्हणालो.

"बसले."

"मग?"

"शाळेत बसतेत तसे बसले." थोड्या वेळाने तो म्हणाला, "ते गानं माह्यं नव्हतं बे. तहसीलदाराचं होतं."

पुन्हा आम्ही प्रयत्न केला नाही.

त्याच वर्षीच्या थंडीत त्याच्या छातीत दुखू लागले आणि श्वास लागू लागला. गोंदियाच्या रुग्णालयात त्याच्या शेजारच्या खाटेवर पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक माणूस होता. त्याच्या मुलाने माझा आवाज ओळखला. "सर, येऊन राहिलोवाले ना तुम्ही? बाबाले एकडाव म्हनून दाखवा ना. खूप आवडते त्याले." मी मित्राकडे पाहिले. त्याने तोंडावरची नळी बाजूला केली.

"नको," तो म्हणाला. "हसून हसून त्याचे टाके तुटतीन."

सगळे हसले, तोही हसला, आणि त्या हसण्याने त्याला बराच वेळ खोकला आला. हे त्याने माझ्या देखत केलेले शेवटचे बोलणे. दुसऱ्या दिवशी मी शिकवत असताना निरोप आला.

त्यांच्यात पुरतात. माती दिल्यानंतर काही दिवसांनी मी घरी गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. आई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मी जवळ बसलो. माझ्याजवळ होते ते पुस्तकी शब्द, आणि ते तिच्यासमोर काढवेनात.

"लोकं म्हनतेत, माह्या पोराचं गानं आहे," ती म्हणाली. "वरातीत वाजते ते. मले तं निस्ता धडधड ऐकाले येते. तुमी म्हनत होते तवा मी कामात होती. पुरं ऐकलं नाही."

मी गायलो. खोका नव्हता, कोट नव्हता. हजेरी घेतो त्या आवाजात, जमिनीकडे पाहत गायलो. ध्रुपदाजवळ येताच मी आपोआप आवाज उतरवला. हशा येण्याच्या जागी तसे करायची मला सवय झाली होती.

थांब जराशी, येऊन राहिलो.

सुपाचा आवाज थांबला नाही. "ये गा," ती म्हणाली. "ये. हळू ये."

ती हसली नव्हती. माझ्याकडे पाहतही नव्हती. मी थांबलो.

"सरलं का?"

"नाही. आहे अजून."

"म्हन ना मंग."

मी उरलेली कडवी म्हटली. ओळ आली की प्रत्येक वेळी ती म्हणाली, ये. गाणे संपल्यावर तिने सुपातले खडे अंगणाबाहेर फेकले, तांदूळ उचलले आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. पाठ टेकवून बसावे म्हणून मी मागे सरकलो, तर मागे उभ्या खाटेची सुतळी लागली. त्याला खुर्ची वळवून जे पाहायचे होते, ते इथे या अंगणात होते, आणि ते पाहायला मी एकटाच उरलो होतो.